तोंड पाहण्याचा हक्क

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मरणाचा विषय घेऊन उभे राहणे थोडे औचित्याला सोडून आहे, याची आम्हांला जाणीव आहे. वैशाखातल्या संध्याकाळी आपण येथे येता ते दोन चांगल्या गोष्टी ऐकाव्या आणि थोडा गार वारा घ्यावा म्हणून. परंतु चालकांनी इतिहासातला कोणताही विषय घ्या अशी मोकळीक दिली, आणि गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करताना जो एक प्रश्न आमच्या पाठीस लागला आहे, त्याचाच इतिहास मांडावा असे आम्ही ठरविले. प्रश्न साधा आहे. माणूस मेल्यावर त्याला अग्नी देण्यापूर्वी त्याच्या माणसांना कळविले पाहिजे, असे कोणी, केव्हा, कोठे लिहून ठेवले आहे काय?

आपल्या वऱ्हाडात अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात. देह पुरलेला असो की जाळलेला, माणसे ‘मातीला जाऊन आलो’ असेच म्हणतात. आमच्या लहानपणी गावात मयत झाली की दोन-चार तरणी पोरे सायकली काढीत आणि सोयऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन निघत. कोणाकोणाला सांगावयाचे हे म्हातारी माणसे ओट्यावर बसून ठरवीत. लेक सासरहून येईपर्यंत तिरडी उचलीत नसत. दिवस कलला, पुरुष घाई करू लागले, तरी आतून बाया म्हणत, ‘तिला तोंड तर पाहू द्या.’ भावाभावांत बोलणे बंद असले तरी सांगावा जाई. तो गेला नाही तर मात्र त्या घराचे वैर नातवंडांपर्यंत पोचे. या रूढीला कायद्याचा टेकू लागला नाही, कारण माणूस आपल्या माणसांतच मरत होता. तो परक्यांच्या हाती मरू लागला, म्हणजे तुरुंगात, इस्पितळात, कारखान्यात, सडकेवर मरू लागला, तेव्हा प्रश्न उभा राहिला.

सरकारने मृत्यूची दखल घेतली ती स्वतःच्या गरजेपोटी. आज जातीच्या दाखल्यासाठी आपण तहसिलीत ‘कोतवाल बुकाची नक्कल’ काढावयास जातो. ती मूळची गावच्या जन्म-मृत्यूची वही. मेलेल्याचे नाव, बाप, जात, मृत्यूचे कारण एवढे त्यात सापडते. नातेवाइकांस कळविले किंवा कसे, असा रकाना आम्ही पाहिलेल्या एकाही नकलेत नाही. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याचे १७४ वे कलम पाहा. संशयास्पद मृत्यू झाला की पोलिसाने मॅजिस्ट्रेटाला कळवावे, शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांसमक्ष पंचनामा करावा. मॅजिस्ट्रेट आहे, पंच आहेत, डॉक्टर आहे. मेलेल्याची बायको नाही.

त्याच कायद्याच्या १७६ व्या कलमात एक गोष्ट आम्हांला फार उशिरा उमगली. चौकशीसाठी जरूर वाटल्यास पुरलेले प्रेत उकरून काढण्याचा अधिकार त्यात मॅजिस्ट्रेटाला दिला आहे. हा कायदा पुरणाऱ्या लोकांच्या डोक्यातून निघालेला. पुरलेल्या माणसाविषयी चूक झाली तर ती महिन्याने दुरुस्त करता येते. जाळणाऱ्या समाजात चितेला काडी लागली की पुरावा, ओळख, शंका, सारे एका प्रहरात संपते. म्हणून कळविण्याचे मोल आपल्याकडे अधिक आहे, आणि कायद्यात ते कमी आहे.

इंग्रजांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांच्या देशात दहनाची चाल सुरू झाली ती गेल्या शतकाच्या मागच्या शतकात. १८८४ साली वेल्समधल्या डॉक्टर विल्यम प्राइस नावाच्या एका विक्षिप्त म्हाताऱ्याने आपल्या तान्ह्या मुलाचे प्रेत टेकडीवर जाळावयास घेतले, त्याच्यावर खटला झाला, आणि न्यायमूर्तींनी दहन हा मुळात गुन्हा नाही असा निर्णय दिला. त्यानंतर १९०२ साली तेथे दहनाचा कायदा झाला. विष घालून मारलेला माणूस जाळून टाकला तर काय, ही त्यांना मोठी धास्ती. म्हणून त्यांनी दोन डॉक्टरांचे दाखले मागितले, आणि १९३० च्या नियमांत अर्जदाराला सरळ प्रश्न घातला: मृताच्या जवळच्या नातलगांना या दहनाची सूचना दिली आहे काय? कोणाची हरकत आहे काय? ज्या लोकांनी दहन काल-परवा स्वीकारले त्यांच्या छापील अर्जात हा प्रश्न आला. ज्यांच्या देशात हजारो वर्षे चिता पेटत आहेत त्यांच्यासाठी कायदा करताना त्याच इंग्रजांना तो सुचला नाही. येथे तो सुचणे त्यांना सोयीचेही नव्हते, हे पुढे दिसेल.

जाता जाता एक आठवण. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० च्या नोव्हेंबरअखेर इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. त्या शहरात प्रेत जाळण्याची परवानगी नव्हती. बरोबरच्या मंडळींनी अधिकाऱ्यांकडून ती खास मिळविली आणि आर्नो नदीच्या काठी चंदन-तुपाने दहन झाले. तेथे आजही त्यांचे स्मारक उभे आहे. राजाच्या चितेसाठीही परक्या कचेरीचा होकार लागला, आणि घरचे लोक समुद्रापलीकडे राहिले. परंतु बरोबरची माणसे आपली होती, एवढे तरी त्या राजाच्या नशिबी होते.

आता १९३१ साल घ्या. लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू. फाशीचा दिवस २४ मार्च ठरलेला होता. ती २३ मार्चच्या संध्याकाळीच देण्यात आली. शेवटच्या भेटीसाठी आलेल्यांना भेट मिळाली नाही. रात्री तुरुंगाच्या मागच्या बाजूने देह बाहेर काढले, फिरोजपूरजवळ सतलजच्या काठी नेले आणि घाईघाईने जाळले. दुसऱ्या दिवशी लाहोरात जिल्हा मॅजिस्ट्रेटचे पत्रक लागले: दहन हिंदू व शीख विधींप्रमाणे झाले आहे आणि अवशेष नदीत सोडले आहेत. म्हणजे सरकारनेही ‘कळविले’. परंतु कळविले ते अग्नी दिल्यानंतर, आणि आईबापांना नव्हे तर भिंतीला.

आम्ही शाळेत हा प्रसंग शौर्याचा म्हणून शिकलो. पुढे कामात पडल्यावर तो आम्हांला कागदपत्राच्या दृष्टीने दिसू लागला. सरकारला भीती मेलेल्या तिघांची नव्हती, त्यांच्या मागून चालणाऱ्या गर्दीची होती. नातलगांना देह दिला की मिरवणूक निघते, मिरवणुकीतून प्रश्न निघतात. ही भीती इंग्रजांबरोबर बोटीत बसून गेली नाही. देशविभागणीत पाकिस्तानात गेलेली हुसैनीवाल्याची ती जागा १९६१ साली गावांच्या अदलाबदलीत भारताकडे आली, तेथे आज समाधी आहे. परंतु फाशी देण्यापूर्वी कुटुंबाला लेखी कळवावे, चौदा दिवसांची तरी मुदत असावी, शेवटची भेट घडवावी, हे सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितले ते २०१४ च्या जानेवारीत, शत्रुघ्न चौहान खटल्यात. त्याच्या आदल्या वर्षी संसद हल्ल्याच्या खटल्यातील अफझल गुरू याला दिल्लीत फाशी होऊन तुरुंगातच दफन झाले होते, आणि त्याच्या घरी टपालाने पत्र पोचले ते दोन दिवसांनी. गुन्ह्याविषयी आपले मत काय हा येथे मुद्दा नाही. पत्र कोणत्या दिवशी पोचले हा मुद्दा आहे.

जिवंत माणसाच्या बाबतीत कायदा अधिक दयाळू झाला आहे. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणाला अटक केली तर त्याच्या नातलगाला किंवा मित्राला कळविलेच पाहिजे; २००५ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले. मेलेल्यासाठी १९७३ च्या फौजदारी संहितेत एक पोटकलम होते, ते २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. मॅजिस्ट्रेटची मृत्यूची चौकशी चालणार असेल तर आईबाप, मुले, भाऊबहिणी, पती किंवा पत्नी यांना, त्यांची नावे-पत्ते माहीत असल्यास आणि ‘शक्य असेल तेथवर’, कळवावे व हजर राहू द्यावे. बरे आहे. परंतु ही सूचना चौकशीची आहे, चितेची नाही.

‘बेवारस’ हा शब्दही एकदा तपासून पाहण्यासारखा आहे. इंग्लंडात १८३२ साली शरीरशास्त्राचा कायदा झाला आणि ज्यांच्यावर कोणी हक्क सांगत नाही असे अनाथगृहातले देह वैद्यकीच्या विद्यार्थ्यांकडे जाऊ लागले; मुंबई राज्याने तसा कायदा १९४९ साली केला. विद्येसाठी देह लागतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण हक्क सांगावयास माणूस यावयाचा तर त्याला आधी खबर लागली पाहिजे. आमच्या अनुभवात पुष्कळ बेवारस माणसांना वारस असतात, सांगावा नसतो.

आता आम्ही ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. १९९४ साली आम्ही संघटनेत नवे होतो. आपल्याच जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, ऐन कापसाच्या हंगामात रात्रपाळीला एक हमाल पडला. खंडव्याकडून आलेल्या टोळीतला तो. खाजगी डॉक्टरने हात पाहून मेला असे सांगितले. पहाटे मुकादम आमच्याकडे आला. म्हणाला, परका माणूस आहे, पत्ता कोणाला ठाऊक नाही, चार माणसे हवीत. आम्ही उठून गेलो. लाकडे आणली, खांदा दिला. दिवस उगवताना चिता पेटली, आणि नदीवर अंघोळ करून परत येताना आम्हांला मनातून बरे वाटत होते. परक्या माणसाला आपण वाऱ्यावर सोडले नाही, असे वाटत होते.

तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ भुसावळवरून रेल्वेने आला. त्याला तार मिळाली होती. ती दहनानंतर दुपारी केली होती. म्हणजे पत्ता होता. मुकादमाने स्वतः त्याच्या दारात उचल देऊन त्याला आणले होते, तो पत्ता कसा नसेल! भाऊ ओरडला नाही, रडलाही नाही. त्याने आम्हांला विचारले, तुम्ही खांदा दिला ना, मग तोंड कसे होते? काही लागले होते काय? आम्ही तोंड पाहिले नव्हते. पांढऱ्या कापडात बांधलेले आम्ही उचलले होते, आणि बांधलेले का आहे हे विचारण्याचे आम्हांला सुचले नव्हते.

पुढे टोळीतल्या दोघांनी हळूच सांगितले की यंत्राचा पट्टा तुटून त्याला लागला. व्यवस्थापक म्हणाले, छातीत कळ आली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली आम्ही दावा घातला. पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, प्रेत नाही. टोळीचा हंगाम अजून बाकी, म्हणून साक्षीदार नाहीत. दावा गेला. आम्हांला त्या कायद्याची कलमे तोंडपाठ होती. ज्या देहावर ती लागू व्हावयाची तो आम्हीच पोचवून आलो होतो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी अकोल्याला जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या १९७९ च्या कायद्याची फाटकी प्रत आम्हांला मिळाली. बसमध्ये वाचता वाचता सोळाव्या कलमाशी आलो. कामगाराचा अपघाती मृत्यू झाला तर ठेकेदाराने दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना ‘आणि कामगाराच्या निकटच्या नातलगालाही’ कळवावे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. आम्ही ते वाक्य तीनदा वाचले. दहन हा शब्द त्यात नव्हता, पण कळविण्याचा हुकूम होता. तो १९८० च्या ऑक्टोबरपासून लागू होता आणि १९९४ च्या त्या पहाटे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हता; मुकादमाला नव्हता, व्यवस्थापकांना असल्यास त्यांनी तो सांगितला नाही. तो कायदा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. कलम टिकले आहे. फक्त पूर्वी असे पाच कामगार असले की कायदा लागू होई, आता दहा लागतात. नऊ जणांच्या टोळीतल्या माणसाचा भाऊ त्या हिशेबात कोठे बसतो हे आम्हांला कळलेले नाही.

२०२० साल आपणा सर्वांना आठवते. मार्चमध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने करोनाच्या मृतांविषयी सूचना काढल्या, त्यांत पिशवीचे तोंडाकडचे टोक उघडून नातलगांना शेवटचे दर्शन घेऊ द्यावे असे म्हटले होते. सरकारी कागदावर ‘तोंड पाहणे’ आलेले पाहून आम्हांला गावच्या बाया आठवल्या. प्रत्यक्षात काय झाले ते ज्यांच्या घरी झाले त्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी ८ मेच्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून पायी निघालेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. गावी जाणारी गाडी गाठावयास ते निघाले होते. त्यांचे देह मात्र रेल्वेने शहडोल आणि उमरियाच्या घरांपर्यंत पोचविले गेले, आणि त्यांच्या माणसांनी त्यांना माती दिली. तेवढे त्या वेळी झाले, हे नमूद केले पाहिजे.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात उत्तर प्रदेशात हाथरस येथे उलट घडले. अत्याचारानंतर दिल्लीच्या इस्पितळात वारलेल्या एका दलित तरुणीचा देह पोलिसांनी गावी आणला आणि ३० तारखेला पहाटेपूर्वी, अडीच-तीनच्या सुमारास जाळला. घरच्यांचे म्हणणे असे की आम्हांला घरात कोंडून ठेवले, तोंडही पाहू दिले नाही. प्रशासनाचे उत्तर कायदा आणि सुव्यवस्थेचे होते. सतलजचा काठ आठवावा असे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठाने आपण होऊन दखल घेतली. जगण्याच्या हक्कात मरणानंतरची प्रतिष्ठाही येते, ही गोष्ट आपली न्यायालये त्यापूर्वीही मानीत आली होती. त्या पीठाने पुढचे पाऊल टाकले. कुटुंबाला न विचारता केलेले दहन हे सकृद्दर्शनी त्या मुलीच्या आणि तिच्या कुटुंबाच्या मानवी हक्कांचे उल्लंघन आहे असे म्हटले, आणि अशा प्रसंगी काय करावे याचे नियम करा असे सरकारला सांगितले. एका मुलीला इतके सोसावे लागले तेव्हा हा प्रश्न प्रश्न म्हणून न्यायालयाच्या फलकावर लागला.

आता आपल्या घरची गोष्ट. २०२३ च्या १ जुलैला रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुट्याजवळ उलटली आणि पेटली. तेहतीस माणसे होती, आठ बाहेर पडली, पंचवीस जळाली. देह बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात आणले. ओळख पटण्यासारखे काही राहिले नव्हते. रक्ताच्या नात्याची तपासणी करून ओळख लावावयाची तर काही दिवस जाणार होते. लांबलांबच्या गावांहून नातलग आले होते. त्यांच्याशी बोलणे झाले, आणि दुसऱ्या दिवशी रविवारी त्यांच्या संमतीने चोवीस देहांना बुलढाण्यातच एकत्र अग्नी दिला. एका मृताचे त्यांच्या धर्माप्रमाणे दफन झाले.

त्या दिवशी गावातले पुष्कळ लोक जसे गेले तसे आम्हीही गेलो होतो, आणि मागे उभे होतो. कोणती चिता आपल्या मुलाची हे कोणाही बापाला ठाऊक नव्हते. म्हणून प्रत्येक घराने चोवीस जणांना निरोप दिला. एक आई दुसऱ्याच्या मुलासाठी हात जोडीत होती, कारण तो तिचाही असू शकत होता. थांबावयास हवे होते, ओळख पटवून ज्याचा त्याला देह द्यावयास हवा होता, असे म्हणणारे पुढे आम्हांला भेटले. पुराव्याची किंमत १९९४ पासून आम्ही जाणतो, म्हणून त्यांचे म्हणणे आम्ही खोटे म्हणणार नाही. तरीही हाथरसची रात्र आणि बुलढाण्याचा रविवार यांत आम्हांला जमीन-अस्मानाचे अंतर दिसते. दोन्हीकडे तोंड पाहणे झाले नाही. एकीकडे ते नाकारले गेले. दुसरीकडे पाहण्यासारखे तोंडच उरले नव्हते, आणि तरी माणसांना बोलावले, विचारले, थांबले. हे कोणत्या कलमाने झाले? आम्हांला शोधून सापडले नाही. त्या दिवशी जी माणसे कामावर होती त्यांनी ते केले. उद्या दुसरी माणसे असतील.

त्याच जुलैत राजस्थानच्या विधानसभेने मृतदेहाच्या सन्मानाचा कायदा मंजूर केला. नाव चांगले आहे. त्यात देह रस्त्यावर ठेवून निदर्शने करणाऱ्यांना, त्यांत घरच्यांनाही, कैदेची शिक्षा आहे, आणि घरच्यांनी देह उचलला नाही तर सरकारने अंत्यविधी करावा अशी तरतूद आहे. आमची यात अडचण होते, ती लपविणार नाही. आम्हीही फाटकापुढे मयत ठेवून बसलेलो आहोत. एकदा तर मेलेल्याच्या विधवेने आम्हांला बाजूला घेऊन विचारले होते, भाऊ, अजून किती वेळ? त्या प्रश्नाची लाज आम्हांला अजून वाटते. पण हेही खरे की ती बैठक झाली नसती तर त्या देहाचे शवविच्छेदन झाले नसते. घरच्यांनी केव्हा जाळावे हे सांगणारा कायदा आधी आला, आणि घरच्यांना विचारल्यावाचून कोणी जाळू नये हे सांगणारा अजून यावयाचा आहे, या क्रमाबद्दल आमची तक्रार आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. आमच्या संघटनेने १९९४ नंतर एक वही घातली. हंगामाला टोळ्या आल्या की आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर जातो आणि नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहून शेवटच्या रकान्यात ‘कोणाला कळवावे’ ते विचारतो. पूर्वी तेथे पोस्टाचा पत्ता असे. २०१३ साली तारखाते बंद झाले, आता मोबाइलचे आकडे असतात, आणि ते हंगामागणिक बदलतात. पुष्कळ रकाने कोरे राहतात. मरणाची गोष्ट कशाला काढता म्हणून पोरे हसतात, आणि नेहमीचे उत्तर देतात: मुकादमाला विचारा, त्याला सगळ्यांची घरे ठाऊक आहेत.